अण्णांनी स्वतःवर घेतलेला ट्यूनरचा दोष

बेळगावहून बंगळूरला आलो तो कॉलेजच्या रेडिओ प्रयोगशाळेत, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पहिल्या दिवशी दार उघडलं तर आत कुणीच दिसेना. पाऊल टाकणार, तोच बाकाखालून आवाज आला, "स्वल्प थांबा हो! पाय देऊ नका, स्क्रू पडलाय." हेच प्रयोगशाळेचे प्रमुख श्री. हनुमंतराव मोरे, आपणा सर्वांचे अण्णा. त्यांचं घराणं बंगळूरच्या चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. मला खोली मिळेपर्यंत महिनाभर त्यांनी आपल्याच घरी जेवू घातलं.

अण्णांच्या साठीनिमित्त लिहा, असं गौरव समितीनं सांगितलं तेव्हा आधी टाळलंच. लिहायचं तर खरं लिहावं लागणार.

मी रुजू झालो त्या वर्षी कॉलेजला जर्मनीहून एफ.एम. ट्यूनर भेट आला होता. आपल्याकडे तेव्हा एफ.एम.चं केंद्रच नव्हतं, म्हणून अण्णांनी शेजारच्या खोलीत ठेवायला छोटा प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, स्वतः बांधला. दुपारी तीनला तपासणी समिती येणार होती. नव्या विभागाची मान्यता तिच्या शेऱ्यावर होती. अण्णा सकाळी बजावून गेले, "हात लावू नका."

आणि मी हात लावला! साध्या रेडिओत मुरलेला गडी मी. मीटरचा काटा जास्तीत जास्त वर नेला की काम फत्ते, एवढंच ठाऊक. ट्यूनरमधल्या डिस्क्रिमिनेटरच्या, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या, फिरत्या गाभ्यावरचं मेण खरवडलं, गाभा फिरवला आणि काटा पार वर नेऊन खूश झालो. ट्यूनर लावला तर आवाज फाटका, घोगरा. एक शब्द कळेना.

प्राचार्य आणि अण्णा एकदमच आत आले. प्राचार्यांनी विचारलं, "हा उघडला कुणी?"

"मी" म्हटलं की नोकरी गेली. बायकोला बंगळूरला आणून आठवडाही झाला नव्हता. अण्णांनी खरवडलेलं मेण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मीच, सर. चूक माझी," अण्णा म्हणाले.

"इतकी वर्षं काम करून, मोरे?" प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले आणि निघून गेले. मी तोंड उघडलं नाही.

अडीच वाजले होते. अण्णांनी प्लास्टिकचा पेचकस माझ्याच हातात दिला. "घ्या. तुम्हीच आणा जागेवर." गाभा तडकला असता तर दुसरा अख्ख्या शहरात नव्हता. अण्णा शांतपणे समजावत होते, "एफ.एम.मध्ये लहरीची उंची तीच राहते, कंपनं वाढतात-घटतात. इथं दोन डायोड आहेत. लहर मध्यावर असली की दोघांचा दाब सारखा, एकमेकांना खोडतात. कंपनं वाढली की एक वरचढ, घटली की दुसरा. त्या फरकाचाच आवाज होतो. म्हणून वर नव्हे हो, शून्यावर आणायचं. दोन्हीकडे सारखं जायला पाहिजे."

गाभा अडला. घामानं पेचकस निसटत होता. "जोर नको... स्वल्प उलटा... सरी, बरोबर, थांबा!" काटा शून्यावर आला. शेजारच्या खोलीतून शिपाई आकडे मोजत होता, "ओंदु, एरडु, मूरु," ते ट्यूनरमधून लख्ख ऐकू आले. तीनला पाच मिनिटं कमी होती.

विभागाला मान्यता मिळाली. माझी नोकरी पक्की झाली. मात्र नव्या विभागाचं प्रमुखपद अण्णांना मिळालं नाही. ऐन दिवशी असा घोटाळा करणाऱ्या माणसाकडे ते कसं द्यायचं, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं. आजही अण्णा वयानं आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली काम करतात, तेही मन लावून. मला कधी एका शब्दानं त्यांनी टोचलं नाही. उलट माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा स्वतः रिक्षात घालून घेऊन आले. मला मात्र त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

आपल्यापैकी अनेकजण "अण्णांचीसुद्धा एकदा फजिती झाली होती" म्हणून हा किस्सा चवीनं सांगतात. मीही त्यात हसलो आहे, लाज वाटते. मंडळी, तो ट्यूनर मी बिघडवला होता. त्या दिवशी गप्प बसलो, त्याची किंमत अण्णांनी मोजली.

अण्णा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हे वाचून "कशाला लिहिलंत?" म्हणून माझ्यावर रागवाल. रागवाच. इतकी वर्षं मी तुमच्या रागाचीच वाट पाहतोय.