जीव शे का?

कॉल आला तेव्हा आम्ही धुळे रोडवर चहा पीत होतो. बाई, पंचेचाळिशीची, दुपारी झोपली ती उठत नाही, चाळीसगाव. पत्ता ऐकला आणि आमच्या ड्रायव्हरने, बापूने, कप तसाच खाली ठेवला. ते सुनंदाचं घर होतं... आमच्याच अ‍ॅम्ब्युलन्सवरची दुसरी डॉक्टर. त्या दिवशी तिची सुट्टी होती, म्हणून गाडीवर मी होतो.

महिना उलटून गेला. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर पहिला सुचतो तो हेवा. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मार्क माझे जास्त. पण गावोगावी ती ‘अक्का’ झाली आणि मी ‘तो दुसरा डाक्टर’ राहिलो.

छाती दाबायची तर माणूस कडक जमिनीवर हवा, खाटेवर दाब बसत नाही. म्हणून सुरुवातीला मी घरात शिरलो की ओरडायचो, "खाली घ्या!" आमच्याकडे माणसाला खाटेवरून खाली घेतात ते जीव जायच्या वेळी, हे घाईत ध्यानातच यायचं नाही. बायका हंबरडा फोडायच्या, एखादा म्हातारा तोंडात पाणी घालायला धावायचा. बापू दोघांच्याही पाळीला गाडीवर असायचा, तो सांगायचा, सुनंदाने तो शब्द एकदाही वापरला नाही. ती अहिराणीत म्हणायची, "अजून काम शे. माले जागा द्या." बस्स. चौघे मुकाट्याने माणूस उचलून ओट्यावर ठेवायचे. पुढे मी तेच वाक्य जसंच्या तसं उचललं. माझ्या तोंडून ऐकल्यावर एकाने विचारलं, "काय काम?"

छाती दाबायला सुरुवातच न करणं त्याहून कठीण. अंग ताठलेलं, पाठ निळी पडलेली, आणि मुलगा कॉलर धरून म्हणतो, मशीन लावा. अशा वेळी मी नियम सांगायचो आणि शिव्या खायचो. ती मशीनची पेटी न उघडता खाटेजवळ बसायची, मनगट हातात धरून... बराच वेळ. शेवटी घरातलंच कुणी विचारायचं, "अक्का, जीव शे का?"

"नही शे, भाऊ. आबा गयात."

आणि लोक तिच्याच खांद्यावर रडायचे. माझ्या पोटात दुखायचं. एकदा तिला म्हणालोही, "तू काय जादूटोणा करतेस का?" ती हसली. "तू निकाल दिल्यासारखं सांगतोस रे. त्यांना आधी विचारू तरी दे." मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

त्या दुपारी ती खाटेवर कुशीवर होती. जबडा घट्ट झालेला, दंडाखाली निळे डाग. बापूने पेटी उघडली होती. सगळं स्पष्ट होतं, तरी माझे हात तिच्या छातीकडे गेले. दाबत बसलो असतो तर कुणी नावं ठेवली नसती, तिच्या आईलाही तेवढंच समाधान. पण सुनंदाने असलं खोटं कधी कुणाच्या अंगावर केलं नव्हतं. मी हात मागे घेतले. खाटेजवळ बसलो, तिचं मनगट धरलं, आणि थांबलो. दारात उभ्या आईने विचारलं, "जीव शे का?"

"नही शे, आई. सुनंदा गई."

आई माझ्याकडे बघत राहिली. "तू नको सांगू. मन्ही सुनंदाले बलाव. ती सांगी, मंग मी मानसू."

मला रडू फुटलं. लाज सोडून सांगतो, त्या रडण्यातही हेवा होता.

अजून सुट्टीच्या दिवशी मी त्या घरी जातो. दाराजवळ एक लोखंडी खुर्ची आहे, ड्यूटीवरून आली की सुनंदा तिच्यावर बसून बूट काढायची. परवा मी नकळत तिथे टेकलो. आई चहा घेऊन आली आणि थबकली.

"तठे नको बसू," ती म्हणाली. "ती यी आते."

मी उठलो. आईच्या लेखी सुनंदा अजून गेलेलीच नाही. सांगितलं कुणी, तर मी.