ओली वाटी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, बाकी सारं शिक्षण तलावात. आमचं गाव धानोऱ्याकडच्या जंगलात. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे, आणि गावचा जुना तलाव मालगुजारीच्या काळापासून आमच्या हाताखाली. मासोळी कुठे बसली आहे ते मी काठावर उभं राहून सांगतो. ही फुशारकी नाही, गावात कोणालाही विचारा.

मुलगा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातो. सून मत्स्यशास्त्र शिकलेली; तिकडच्या धुळीत तिचा जीव रमत नव्हता. त्या उन्हाळ्यात ती गावी आली आणि मच्छीमार संस्थेच्या माणसांपुढे उभी राहून म्हणाली, तलावात सोडायचं बीज, मासोळीची बारीक पिल्लं, बाहेरून आणू नका, मी इथेच तयार करून देते. बाहेरचं बीज हवा भरलेल्या पिशव्यांतून येतं आणि रस्त्यातच कितीतरी मरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हसले. माझ्या बरोबरीचा एक जण म्हणाला, "भाऊ, आता तुमच्या घरी मासोळ्याईचं बाळंतपण होते म्हन्ते. शेगडी पेटवून ठेवा." शेवटी ठरलं, एक वेळ करून बघू. जमलं तर बीज करायला काठावरची जागा तिला. नाही जमलं तर पुन्हा बाहेरचं बीज, आणि तिनं परत घुग्घुसला जावं.

ती राहावी असं मला फार वाटत होतं. बायको गेल्यापासून घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता. सून आली तशी रोज भांडायची, मीठ जास्त खाता म्हणून, ओल्या अंगानं बसता म्हणून. ते भांडण मला गोड लागायचं. पण तिला तसं कधी बोललो नाही. आमच्यात सासरा सुनेला असं बोलत नाही, आणि मी तर नाहीच.

पाऊस सुरू झाला, तलाव भरला. रोहूची मादी आणि नर मीच धरून दिले. संध्याकाळी तिनं दोघांना इंजेक्शन दिलं. सकाळी सगळी माणसं काठावर जमली. तिनं वाटी पुसली, टोपलं पुसलं, माशांची अंगंसुद्धा फडक्यानं टिपली. एवढी पुसापुशी कशाला ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आधी नराचं पोट दाबून पांढरं दूध वाटीत घ्यायचं. मग मादीची अंडी टोपल्यात, त्यावर दूध, कोंबड्याच्या पिसानं ढवळायचं, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

वाटी माझ्या हातात होती. आमच्यात कोरड्या भांड्यात मासोळीचं काही घेत नाहीत. भांडं आधी तलावात बुडवायचं, तलावाला सांगायचं, मगच. माझा बाप तसं करायचा, त्याचा बापही. मी वाटी बुडवली, थोडी झटकली, पुढे धरली. काठावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सून नराशी झटत होती, तिचं लक्ष नव्हतं.

दूध आलं. मादी मात्र हाताला येईना. निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तोवर वाटी मी सावलीत जपून धरली होती. शेवटी अंडी टोपल्यात आली, वर दूध ओतलं, ढवळलं, पाणी घातलं.

दुपार कलल्यावर अंडी पांढरी पडली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. जिवंत अंडं काचेसारखं राहते. टोमणा मारायलाही कोणी थांबलं नाही. जाता जाता एकानं बीजवाल्याला फोन लावला.

सुनेनं वाटी उचलून बघितली. "मामाजी, वाटी ओली होती का?"

"तलावात बुडवली. बुडवतातच."

 कॉलेजातून मागून आणलेलं सूक्ष्मदर्शक तिनं काठावरच्या खोपडीच्या दारात, उजेडात ठेवलं. नर अजून जाळीत होता. त्याच्या दुधाचा थेंब काचेवर घेतला आणि मला वाकायला लावलं. आत कोंड्यासारखे ठिपके, निपचित. मग तिनं काडीच्या टोकानं तलावाचं पाणी लावलं. सगळे एकदम धावले. इतकी घाई मी जन्मात पाहिली नव्हती.

तिनं सांगितलं, माशाच्या पोटात हे निजलेले असतात. गोडं पाणी लागलं की अंगावरच्या प्रथिनांना कळते. एक प्रथिन दुसऱ्याला कळवते, दुसरं तिसऱ्याला, तेव्हा शेपूट हलते. मी म्हणालो, जाळं ओढताना पुढच्यानं दोरीला हिसका दिला की मागच्यापर्यंत पोचते, तसं? हो म्हणाली, तसंच.

तेवढ्यात काचेखाली सगळं थांबलं.

"आता?"

"संपलं. मिनिटभर धावतात, मामाजी. तेवढ्यात अंडं भेटलं तर भेटलं."

"मंग परत नाई?"

"नाई."

म्हणजे सकाळी वाटीत ते धावून धावून संपले होते, आणि अंडं अजून मादीच्या पोटातच होतं. मी मात्र वाटी जपत उभा.

"तुमाले सांगाले पाह्यजे होतं मीच," ती म्हणाली. "चूक माई आहे."

तुई नाई, बाई. एवढंच बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. मी उठलो आणि बिडी शोधायला लागलो. उद्याच्या पहिल्या गाडीनं जाते, ती म्हणाली. मी म्हणालो, बरं.

वाटी बुडवली याचं मला तेवढं नाही वाटत. बापानं शिकवलं ते केलं. पण ते तीन शब्द राहिले ते राहिलेच. पुढे फोनवर किती वेळा बोललो, पावसाचं बोललो, धानाचं बोललो. ते काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीवर सोडायला गेलो नाही. जाळं घेऊन तलावात उतरलो, एक नर धरला. तळहात दुपट्ट्यानं चांगला कोरडा केला आणि पोट दाबून दुधाचा थेंब त्यावर घेतला. वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी बोट पाण्यात बुडवून थेंबाला लावलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पांढरं थोडं पसरते एवढंच. तरी ते आत धावत असतील म्हणून, गाडीचा आवाज जाईपर्यंत, मी हात हलवला नाही.