हाकेच्या अंतरावरची जमीन

जमीन बघत फिरणाऱ्याला जमीन मिळो न मिळो, किस्से भरपूर मिळतात. आमचंही तेच झालं.

नाना दीपनगरला वीज तयार करण्यात जन्म घालवून रिटायर झाले आणि म्हणाले, "आता घरात तार नको!" सोलर, विहीर, गोबरगॅस, एक म्हैस, आणि अडीअडचणीला जवळ धुळं. शहर छोटं, पण दवाखाना, बाजार सगळं आहे. दिवाळीपर्यंत जागा ठरली नाही तर मुलगा पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणार होता, आणि नानांना त्या फ्लॅटची धास्तीच होती. गाडी माझी, म्हणून मी ड्रायव्हर. मागच्या सीटवर नानांची बायको, आमच्या अक्का.

नाना ऊन, पाणी, माती तपासायचे. अक्कांची परीक्षा एकच. शेताच्या मधोमध उभं राहून ओरडायचं, "ओ माऽय!" कोणी ओ दिली तर जागा पास!

*

दोंडाईचा रोडवर एका दलालाला नानांनी पाण्याचं विचारलं.

"पाणीनं टेन्शनच नही नाना! टँकर रोज येस!"

अक्कांनी हाक मारली. फक्त दलालाचा फोन वाजला.

*

साक्रीच्या पलीकडे एका पाड्यावर खरंच तार नव्हती. नाना हरखले. तिथल्या एका आबांना विचारलं, "विजेशिवाय कसं जमतं हो?" बोलता बोलता आपण वीज केंद्रात होतो हेही सांगून बसले. झालं! अख्खा पाडा गोळा झाला. खाट टाकली, चहा आला. आबांनी हात जोडले.

"साहेब, मंग आमनाकडे तार कधी येई?"

नानांनी कप खाली ठेवला. मला तर लाजच वाटली.

*

मग जळगावात नानांच्या राहत्या घरीच ट्रायल! ऐन मे महिन्यात नानांनी मेन स्विच बंद केला. संध्याकाळी दोघं अंधारात ओट्यावर गप्प बसलेली. शेजारच्या कमलताईंनी पाहिलं, आल्या आणि काही न बोलता बसल्या. मागोमाग गल्लीतल्या बायका येऊन बसल्या. थोड्या वेळाने कमलताई उठल्या आणि पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात तशी.

"अगं, कोणी मेलं नाही! ह्यांचा प्रयोग चाललाय!" अक्का म्हणाल्या.

"मग आता आणलंय तर खा!"

*

पिंपळनेरजवळ अक्कांनी हाक मारली आणि चक्क बांधापलीकडून "ओऽऽ!" आली. पाठोपाठ एक बाई विळा घेऊन धावत.

"काय व्हयनं वं माय?"

"काही नाही. ऐकू जातं का बघत होते."

"मंग च्या पीसन जा!"

विहिरीला पाणी बेताचं, रस्ता कच्चा. नाना कुरकुरले. अक्का म्हणाल्या, "उद्या तुम्ही पडलात तर मी हाक कोणाला मारू?" जागा ठरली.

पण पावसाळ्यात अक्काच गेल्या. तापाचं निमित्त झालं. कमलताई पुन्हा पिठलं-भाकरी घेऊन आल्या. नानांनी घरातले सगळे दिवे लावून ठेवले होते, आणि ते मला बघवत नव्हतं. मुलाने नानांची बॅग भरली.

*

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, "पिंपळनेरला ने. जागा नको म्हणून सांगून येऊ."

शेताच्या मधोमध जाऊन ते उभे राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी गाडीपाशीच थांबलो.

बांधापलीकडच्या त्या बाईला गाडी दिसली असावी. तिकडून तीच ओरडली, "ओ अक्काऽऽ!"

नाना म्हणाले, "ओऽऽ!"