दहापैकी तीन

आमच्या कंपनीला आमच्या मनाची काळजी आहे, हे मला लिफ्टमधल्या पोस्टरवरून कळलं. पोस्टरवर एक बाई डोळे मिटून हसत होती. ती विमा तपासनीस नव्हती, हे कुणीही सांगेल.

मी आहे. कुणाचं घर जळलं, दुकानात पाणी शिरलं, की आम्ही जातो, नुकसान मोजतो आणि दावा किती मान्य करायचा ते ठरवतो. लोक आम्हाला शिव्या घालतात आणि ऑफिस विचारतं, इतकं जास्त का मान्य केलंत. हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांना सगळे टेपसाहेब म्हणत. कमरेला मोजायची टेप अडकवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. मेहुणीच्या लग्नाच्या फोटोतही ती दिसते, असं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, वैतागून सांगायच्या.

टेपसाहेबांचा पहिला धडा घसाऱ्याचा. जळालेली वस्तू नवी धरायची नाही. जितकी वर्षं वापरली तितकी झीज वजा करायची, उरेल तेवढंच नुकसान. पंखा दहा वर्षांचा आहे का? मग तो आगीच्या आधीच निम्मा गेलेला होता, असं ते समोर रडणाऱ्या माणसाला शांतपणे समजावत. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं. मला सुरुवातीला त्यांचा फार राग यायचा. मग मीही तसंच बोलायला लागले आणि राग यायचा थांबला.

गेल्या वर्षी जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिला पोपटी रंग दिला, प्लास्टिकची दोन झाडं ठेवली आणि दारावर ‘मनःस्वास्थ्य कक्ष’ अशी पाटी लावली. तिथे बसायला कल्याण अधिकारी म्हणून एक बाई आल्या. त्या इतक्या गोड बोलायच्या, की ऐकूनच माझं डोकं फिरायचं. दर तीन महिन्यांनी त्या फॉर्म वाटत. मनाचा त्रास दहापैकी किती, तो आकडा लिहायचा. पाचच्या वर गेला तर समुपदेशक आणि उपचारासाठी भरपगारी रजा. पाच किंवा खाली असेल तर दीर्घ श्वास कसा घ्यायचा याचं पत्रक.

पहिल्याच फेरीत आमचा विभाग सगळ्या कंपनीत सर्वांत सुखी ठरला. बाईंनी केक आणून स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि आम्ही तो केक निर्लज्जपणे खाल्ला. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. आम्ही सगळ्यांनी घसारा वजा केला होता. टेपसाहेबांनी तर मला हिशेबच समजावला. त्रास दहापैकी आठ, पण त्यातले पाच म्हणजे सव्वीस वर्षांची झीज, ती या तिमाहीत कशी दाखवायची? म्हणून तीन. रात्री झोप लागत नाही, जेवताना धुराचा वास येतो, हेही त्यांनी सांगितलं, गुडघेदुखी सांगावी तसं. मी हसले. मी स्वतः दोन लिहिले होते.

पुढच्याच महिन्यात ते एका जळालेल्या घरी गेले. त्या आगीत घरातला म्हातारा गेला होता. त्याची सून दारात उभी राहून बघत होती आणि टेपसाहेब स्वयंपाकघराची चौकट मोजत होते. सकाळी मोजली, दुपारपर्यंत तीच मोजत राहिले. वहीत एकच माप अकरा वेळा लिहिलेलं होतं. सुनेला वाटलं, हा माणूस पिऊन आलाय आणि आपली थट्टा करतोय. तिने तक्रार केली, आणि मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती आणि उपचार लिहून दिले. रजा मंजूर झाली तर नोकरी राहणार होती, नाहीतर कामात हलगर्जी म्हणून राजीनामा. सुनावणीला त्यांच्या सोबत मी गेले. वहिनी बाहेर बाकावर बसल्या.

आत विभागप्रमुख होते आणि कल्याणबाई. बाईंनी फॉर्म पुढे सरकवून विचारलं, हे तीन तुमच्याच हातचे ना? ते हो म्हणाले. मग मी तोंड उघडलं. हे तीन नाहीत, आठ आहेत, घसारा वजा करून लिहिलेत, अख्ख्या विभागाने तसंच केलंय, हवं तर माझा फॉर्म काढा, असं सगळं बोलले. बाई गोडपणे म्हणाल्या, की घटना घडून गेल्यावर वाढवलेला आकडा धरता येत नाही. विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"साहेब, अशी फाइल तुमच्याकडे आली असती तर?" त्यांनी टेपसाहेबांना विचारलं.

टेपसाहेबांनी खरोखर विचार केला.

"नामंजूर केली असती," ते म्हणाले. "आधीची नोंद तीनचीच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मला समोरच्या दोघांपेक्षा त्यांचीच मान धरून हलवावीशी वाटली. राजीनाम्याचा कागद तयारच होता. त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला, तारीख चुकली होती ती दुरुस्त केली आणि सही केली.

बाहेर आलो तेव्हा वहिनी डॉक्टरांचे कागद मांडीवर धरून बसल्या होत्या. आमची तोंडं बघून त्यांना काय ते कळलं.

"झोप लागत नाही, हे सांगितलंत का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही," टेपसाहेब म्हणाले.

वहिनींनी मग माझ्याकडे पाहिलं. मी टेपसाहेबांसाठी भांडायला गेले होते, घसा फोडून बोलले होते, आणि सगळा वेळ फक्त आकड्यावर वाद घातला होता. झोपेचं मीही सांगितलं नव्हतं.