डॉक्टरांनी सांगितलेली समुद्राची हवा

आमच्या पाचूबंदरला, वसईच्या किल्ल्याजवळच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात, आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. ताप आला की शेजारची मावशी येऊन बसायची, ती उठली की तिची सून. कुणी मीठमिरची ओवाळून नजर काढायचं, कुणी पायांना तेल चोळायचं. ज्यांना यातलं काही जमत नसे ते नुसतेच खाटेच्या कडेला बसून मासळीचे भाव बोलत राहायचे. लहानपणी मला या गर्दीचा वैताग यायचा. जरा डोळा लागला की कुणीतरी विचारायचंच, "झोपली काय गो?"

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ग्रंथालयशास्त्र शिकायला मी इंग्लंडला गेले. वडील होडीवर तांडेल होते, होडी आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या शब्दावर चालायची. आई लिलावात मासळी घेऊन वसईच्या बाजारात विकायची. मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी कापडगिरण्यांच्या एका धुरकट गावात जाऊन पडले. समुद्र तिथून फार लांब होता. वारा सुटला की मी सवयीने नाक वर करायची, पण वाऱ्याला कोळशाचा वास.

पहिल्याच हिवाळ्यात पोट दुखायला लागलं. घरून आणलेला ओवा चावून पाहिला, गरम पाणी प्यायले. दुखायचं राहीना, तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही वेळ घेतली आहे का?" मला प्रश्नच कळला नाही. आमच्या डॉक्टरांकडे बाकावर बसायचं आणि पुढचा उठला की सरकायचं. माझा चेहरा बघून त्या बाईंनी मला तशीच आत सोडली.

डॉक्टर हळू बोलणारे, पिकल्या भुवयांचे. "दुखणं कसं आहे?" त्यांनी विचारलं.

इथे माझी पंचाईत झाली. आमच्याकडे पोटात कळ येते, मुरडा येतो, ठणका लागतो, पीळ पडतो. इंग्रजीत मी एवढी पुस्तकं वाचली होती, पण दुखण्याला माझ्याजवळ एकच शब्द होता, तोच सांगत राहिले. शेवटी त्यांनी मला आडवं केलं, पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबली आणि एकदम सोडली. मी किंचाळले.

"अपेंडिक्स आहे. आजच ऑपरेशन करावं लागेल," ते म्हणाले. "घरी कुणाला कळवायचं का?"

आमच्या भागात फोन होता तो चर्चमध्ये. परदेशातून फोन आला हे फादरांच्या घरातून आईपर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या कोळीवाड्याने मला मारून टाकलं असतं. मी म्हटलं, "नको." रुग्णवाहिका आली. पैशांचं कुणी नावही काढलं नाही, याचंच मला त्या दुखण्यातही नवल वाटत होतं.

शुद्धीवर आले तेव्हा पलंगाशी एक तरुण नर्स उभी होती. तीही परदेशातलीच, कुठल्याशा बेटावरून आलेली, माझ्याहून सावळी. ती हसून म्हणाली, "खूप बोललीस तू. मला तर चांगलंच झापलंस."

"काय बोलले?"

"मला कसं कळणार? एक शब्द मात्र सारखा येत होता. पानी, पानी."

घरी आम्ही पानीच म्हणतो. शाळेत बाईंनी पट्ट्या मारमारून माझ्या जिभेवर 'ण' बसवला होता. पुढे मी त्यावर इंग्रजी चढवलं. भुलीच्या औषधाने ते सगळं धुऊन नेलं होतं, आणि मी त्या परक्या देशात आईच्या बोलीत पाणी मागत होते. लगेच पाणी द्यायची परवानगी नव्हती. "तहानेचं काहीतरी असणार असं वाटलं, म्हणून ओठ भिजवत राहिले," नर्स म्हणाली.

वॉर्ड लांबलचक होता, दोन्ही बाजूंना पलंगांची रांग. सगळं चकचकीत आणि शांत. माझी जखम भरत होती, पण दुपारी भेटीची घंटा झाली की मला धडकी भरायची. दार उघडायचं, ओल्या ओव्हरकोटांची माणसं आत यायची, प्रत्येक पलंगाशी खुर्च्या ओढल्याचा आवाज व्हायचा. माझ्या पलंगाशी कुणी नसायचं. वर्गातल्या मुली एकदा फुलं देऊन गेल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि ज्या बायकांचा मला एवढा वैताग यायचा, त्या एकेकीला आठवायची. कुणीतरी येऊन नुसतं पापलेटचा भाव सांगावा, असं वाटायचं.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. रोज तिचा नवरा यायचा, गिरणीतून निवृत्त झालेला, उंच आणि संकोची. एके दिवशी ती त्याला माझ्यादेखत म्हणाली, "माझं तोंड पुष्कळ वर्षं पाहिलंस. आता अर्धा वेळ त्या मुलीकडे जाऊन बस."

म्हातारा खुर्ची ओढत माझ्या पलंगाशी आला. बराच वेळ आपली टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "तुझे वडील काय करतात?"

"मासे पकडतात."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "मीसुद्धा! दर रविवारी कालव्यावर गळ टाकून बसतो."

"किती मिळतात?"

"कधी एक, कधी दोन. मग परत पाण्यात सोडतो."

"सोडता?" मी उठूनच बसले. टाके ओढले गेले तरी हसू आवरेना. मग मी त्याला सांगत सुटले: भरतीला होड्या कशा निघतात, बंदरावर टोपल्या उतरल्या की बायका लिलावात कशा भांडतात, किल्ल्याच्या बाजूने वारा आला की वाळत्या बोंबलांचा वास उशीतसुद्धा कसा शिरतो. त्याला निम्मं कळलं असेल. पण तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. म्हातारी आपल्या पलंगावरून ओरडायची, "आज काय सांगितलं तिने? मलाही सांग!"

घरी सोडायची वेळ आली तेव्हा वॉर्डच्या मुख्य सिस्टरने विचारलं, "खोलीवर तुझ्याकडे कोण बघणार?" मी म्हटलं, "कुणी नाही." तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते विचार करून म्हणाले, "हिला समुद्राच्या हवेला पाठवू या." तशी पद्धतच होती तिथे. समुद्रकाठी आजारातून उठलेल्यांसाठी घरं होती. पाचूबंदरच्या पोरीला औषध म्हणून समुद्र! मला हसावं की रडावं कळेना.

गेले. कुणाचा तरी जाड कोट घालून बाकावर बसले. समोर राखाडी समुद्र, फरसबंद रस्ता, कुत्री घेऊन फिरणारी माणसं. होडी एकही नाही, जाळं नाही, मासळीचा वाससुद्धा नाही. ओहोटी लागली होती. पाणी लांब लांब सरत गेलं आणि ओल्या वाळूवर नुसता उजेड राहिला. आता आपल्या होड्या बंदरात टेकल्या असतील, बाबा भरतीची वाट बघत विडी ओढत असतील, असं मनात आलं आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू फुटलं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून पोटावर हात दाबून पोटभर रडले.

रविवारी तो म्हातारा बसने तिथे आला. म्हातारीनेच पिटाळलं होतं त्याला. कोटाच्या आत कागदात गुंडाळलेली गरम तळलेली मासळी होती. आम्ही बाकावर बसून हाताने खाल्ली. मीठ कमी, मसाला नाही, काटे आधीच काढलेले. "तुमच्याकडच्यासारखी आहे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही. पण आणखी आहे का?"

शिक्षण संपवून परत आले तेव्हा घरी तोबा गर्दी. सगळे पांगल्यावर आईने मला आत नेलं, साडी बाजूला करून व्रण पाहिला. खारवलेल्या, खरखरीत बोटांनी तो चाचपला. डॉक्टर कसा होता, औषध काय दिलं, यातलं तिने काही विचारलं नाही.

"तुझ्याजवल कोन बसलेलं गो?" तिने विचारलं.

मी म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि दुसऱ्या दिवशी फादरांकडे जाऊन त्या नवराबायकोच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांगून आली. मी म्हटलं, "आये, ते आपल्या पंथाचे नाहीत." ती म्हणाली, "मंग काय झालं?"

रविवारी वेदीवरून फादरांनी ती इंग्रजी नावं वाचली, जरा अडखळत. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी मागे वळून पाहिलं. त्या दोघांना मी पुन्हा कधी भेटले नाही. गुडघ्यांवर बसल्या बसल्या मला त्या लांबलचक वॉर्डची, माझ्या पलंगाशी खुर्ची ओढल्याच्या आवाजाची इतकी ओढ लागली की शेजारी आई असूनही माझं घर काही वेळ तिकडेच होतं.