गिअरबॉक्सला आग्रह

नाशिकला वडाळा नाक्याच्या आतल्या गल्लीत इनायत शेखांचं गॅरेज आहे. पाटी नाही. पाटीची गरजच पडली नाही, कारण गेल्या तीस वर्षांत शहरातल्या ज्या ज्या गिअरबॉक्सने घसा खरवडला, तो विचारत विचारत शेवटी इथंच आला. इनायतभाई कमी बोलतात. घाईच्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजतात. फारच घाई असेल तर दुसरा पाजतात.

गिअरबॉक्समध्ये तेल भरायची त्यांची पद्धत ठरलेली. गाडी खड्ड्यावर घ्यायची. गवंडी लावतो तशी पाणसळ लावून ती चारी बाजूंनी सपाट आहे का ते बघायचं. आधी वरचं बूच सैल करायचं, मगच खालचं; वरचं अडकून बसलं आणि खालून तेल सोडून दिलं, तर गाडी तिथंच मुक्कामाला. जुनं तेल निथळलं की खालचं बूच लावून वरच्या भोकातून पंपाने नवं चढवायचं. काठापर्यंत आलं की ते आपणहून ओघळू लागतं. ओघळ थांबला की बूच बंद. "तेल किती, ते मी ठरवत नाही," इनायतभाई म्हणतात, "ज्याने भोक पाडलं त्याने ठरवलंय."

ही गोष्ट मल्हारीनानांना पटणं अवघड होतं.

नाना मखमलाबादकडचे. आधी द्राक्षं केली, मग प्लॉट केले, आणि या वर्षी मुंबईच्या कुणाकडून लालभडक, दोन सीटची स्पोर्ट्स कार केली. गाडी इतकी बुटकी, की गतिरोधक दिसला की नाना खाली उतरत आणि जावई आयुष ती तिरकी करून काढे. नाना मागून चालत येत आणि लोकांना सांगत, "वजनाचा बॅलन्स असतो तिचा." पण नानांचं नाव होतं ते पंगतीसाठी. त्यांच्याकडे जेवलेला माणूस स्वतःच्या पायाने घरी गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

नाशिकच्या शौकीन मालकांच्या बारा गाड्या रविवारी इगतपुरीला जाणार होत्या. सगळ्यात पुढे नानांची. आणि तिचा तिसरा गिअर टाकला की जात्यात खडा आल्यासारखा आवाज यायचा.

शुक्रवारी दुपारी इनायतभाईंनी काळं पडलेलं तेल सोडून दिलं, नवं भरलं आणि ओघळ थांबायची वाट बघत खड्ड्यात उभे राहिले. वरून नाना वाकले.

"अहो इनायतभाई, सांडतंय की!"

"सांडू द्या, नाना. जास्तीचं आहे ते."

"आणि डब्यात अजून एवढं राहिलंय ते?"

"ते घरी न्या."

नानांचा चेहरा पडला. "म्हणजे घालायचंच नाय? रविवारी इगतपुरी गाठायचीय तिला. उपाशी पाठवता का?"

"नाना, पंगतीत माणूस 'पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरतो की नाही? हे भोक म्हणजे तिचा हात."

"हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायचं," नाना म्हणाले, "हीच आपल्याकडची रीत!"

ओघळ थांबला, इनायतभाईंनी बूच लावलं, हात धुतले आणि असरच्या नमाजाला गेले.

परत आले तेव्हा जावई खड्ड्यातून वर येत होता. पांढऱ्या बुटांवर तेल, कोपरापर्यंत तेल. गाडीची उजवी बाजू जॅकवर उचललेली होती. डबा आडवा पडला होता, रिकामा.

"हे काय केलं?"

"मामांनी सांगितलं," आयुष म्हणाला. जावई असल्यामुळे त्याच्याकडे हे एकच कारण कायम तयार असे.

नाना खुशीत होते. "भोकाची बाजू वर घेतली. मग बसलं सगळं. सबंध डबा बसला, एक थेंब सांडला नाय! तुम्ही एवढी वर्षं वाया घालवत होता बघा."

"नाना, बूच उघडू द्या. अर्धा लिटर तरी जास्त आहे. गरम झालं की फेस होईल, वरच्या हवेच्या नळीतून बाहेर येईल, तापलेल्या सायलेन्सरवर पडेल."

"घातलेलं काढायचं? आमच्या घरात वाढलेलं ताट कुणी परत ओढलं नाय."

वाद मिटवायला आयुषने गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून आणली. तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. आवाज गेला होता, जुनं तेल बदलल्यामुळे. पण नानांनी इनायतभाईंच्या पाठीवर थाप मारली. "पोट भरलं की कुरकुर बंद! आता रविवारी तुम्ही आमच्याबरोबर. बारा मालकांसमोर माईकवरून सांगणार, हे आमच्या गाडीचे डॉक्टर!"

घरी इनायतभाईंना जेवण गेलं नाही. गाडीने बारा मालकांसमोर धूर काढला, तर बोट दाखवायला त्यांचंच नाव तयार होतं. तीस वर्षांचं नाव एका डब्यात बुडणार.

"मग जाऊच नका," त्यांची बायको खुर्शीदा म्हणाली.

"न गेलो तर ते माझ्याबद्दल काय बोलतील ते ऐकायलाही मी नसेन."

ते गेले. हत्यारं, जॅक आणि लाकडाचे चार ठोकळे घेऊन नानांच्या लगेच मागे ठेवलेल्या पिकअपमध्ये बसले आणि सबंध रस्ता पुढच्या लाल गाडीच्या बुडाकडे बघत राहिले. वाडीवऱ्हेपर्यंत काही नाही. घोटीला करपट वास. इगतपुरीला हॉटेलच्या काँक्रीटच्या आवारात बारा गाड्या ओळीने लागल्या आणि पहिल्या गाडीच्या पोटाखालून पांढरा, गलेलठ्ठ धूर निघाला.

माईकवाला थांबला. मोबाईल वर झाले. पांढरा गॉगल लावलेला एक मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने तेल कमी टाकलं असणार. डब्यातलं अर्धं हेच लोक ठेवून घेतात."

इनायतभाई पिकअपमधून उतरत होते. ते तिथंच थबकले. आयुष बुटांकडे बघू लागला.

नानांनी आधी धुराकडे पाहिलं, मग इनायतभाईंकडे. सगळं त्या एका माणसावर ढकलून मोकळं व्हायची संधी समोर उभी होती, आणि क्षणभर नानांना ती पटलीही असावी. पण वाक्यातला एक शब्द त्यांना झोंबला होता.

"कमी?" नानांनी माईक हिसकावून घेतला. "माझ्या गाडीत तेल कमी? ओ साहेब, या माणसाने बरोबर भरलं होतं. 'पुरे' म्हणाला. मी म्हटलं, मल्हारीच्या घरात पुरे हा शब्द नाय! सबंध डबा मी घातला. स्वतः उभा राहून, जावयाला खड्ड्यात उतरवून! कमी म्हणे!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

इनायतभाईंनी गाडी निवू दिली. चारी चाकांखाली ठोकळे सरकवले, पाणसळ लावली, खाली सरकून बूच उघडलं. तेल भळभळा आलं आणि रिकाम्या बाटलीत साठत गेलं. पन्नास माणसं वाकून बघत होती. गॉगलवाल्याने गॉगल काढला आणि हळूच विचारलं, "भाई, माझीही एकदा बघाल का? माझा ड्रायव्हर म्हणतो, तेल वरपर्यंत भरलंय."

"फोन नंबर लिहून घ्या," इनायतभाई गाडीखालून म्हणाले.

"घ्या, घ्या," नाना माईकवरूनच म्हणाले. "माझा माणूस आहे तो. मीच शोधलाय." आणि अर्धी भरलेली बाटली उंच धरून त्यांनी ती बारा मालकांना फिरवून दाखवली. "बघा! खाऊन उरलं!"