आक्काच्या जीपमधून माळावर

एसटीनं शिरवळ मागं टाकलं. मी पुण्याहून निघाले होते ती माझ्या आत्तेबहिणीच्या, आक्काच्या, प्रचाराला. आक्का मूळची शाळामास्तरीण, नवरा फौजेत. आधी पंचायत समिती, मग बहात्तरला थेट आमदार. आता अठ्ठ्याहत्तरची निवडणूक तोंडावर होती.

साताऱ्याच्या स्टँडवर आक्का जीप घेऊन उभीच होती. रहिमतपूर ओलांडलं तसा ऊस विरळ झाला. विट्यापुढं नुसता माळ, बाभळी आणि मेंढरं. जीप चालवणारा तिचा जुना कार्यकर्ता सर्जेराव एकच गोष्ट घोकत होता, “आक्का, मतदान हुस्तवर गप ऱ्हावा. मग सांगा की.”

ज्या धनगरवस्तीनं आक्काला डोक्यावर घेतलं, त्या वस्तीला तिनं तलाव कबूल केला होता. पाहणीत तिथं बांधाला पायाच लागेना. तलाव शेजारच्या, विरोधकांच्या गावाला जाणार होता, आणि आक्कानं त्याला संमती दिली होती.

वस्तीवर हलगी वाजली, हार आला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “आक्का, तळं कवा हुतंय?”

“हितं न्हाई हुणार, आबा. बांधाला पाया न्हाई, पानी ठरायचं न्हाई. शेजारच्या गावात हुईल.”

हलगी थांबली.

“मतं आमची आन् तळं त्यास्नी?” एक तरणा गडी जीपला आडवा झाला. कुणीतरी बॉनेटवर काठी हाणली. मी आक्काचा हात धरला. गारठलेला होता.

“मतं पडल्यावर सांगितलं आसतं,” ती म्हणाली, “तर तुमी मला काय म्हनला आसता?”

शेवटी म्हाताऱ्यानं त्या गड्याला बाजूला ओढलं. “जावा आता,” तो म्हणाला, पण आक्काकडं न बघता.

कऱ्हाडमार्गे परतताना उंब्रजला भाकरी आणि खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा) पुढ्यात आला. सर्जेरावानं भाकरी तशीच ठेवली.

“शीट गेली, आक्का.”

“गेली,” ती म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली.

आक्का पडलीच. निकालानंतर मी भेटायला गेले, तर ती त्याच वस्तीला निघाली होती, एसटीनं.

“आता तिथं कशाला गं?”

“एखादी हीर खांदायचं जमतंय का बघते. मतासाठी आली, आसं आता कुनी म्हननार न्हाई.”

पुण्याला परतताना माझ्या ध्यानात आलं, की त्या दिवशी मी तिच्या आमदारकीसाठी घाबरले होते. तिचा हात गार पडला होता, तो त्या वस्तीचा रस्ता कायमचा बंद होईल म्हणून.